लासुर्ण्याची जिल्हा बँक आणि सातबारा नसलेला माणूस

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर लासुर्णे हे गाव आहे. एका बाजूला वालचंदनगर, दुसऱ्या बाजूला भवानीनगरचा श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आणि शिवाराला नीरा डाव्या कालव्याचे पाणी. या उसाच्या पट्ट्यात पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची शाखा आहे. उसाचे बिल, दुधाचे पैसे, सोसायटीचे कर्ज, पेन्शन, बचत गटाचे खाते अशा कामांसाठी माणसे अशा शाखेची पायरी चढतात. गावाचा पैसा कुठून येतो, कुणाकडे जातो आणि कुणाला चुकवून जातो, हे समजून घ्यायचे असेल तर ग्रामपंचायतीच्या दप्तराइतकेच या शाखेचे दप्तर महत्त्वाचे आहे.

आमच्या चळवळीत शिष्यवृत्तीवर मोर्चे निघतात, आरक्षणावर परिषदा होतात. त्या झाल्याच पाहिजेत. परंतु गावातल्या जिल्हा बँकेच्या शाखेवर आणि तिला जोडलेल्या सोसायटीवर एखादा मेळावा झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. जिथे गावाची सत्ता रोज तयार होते ती जागा आपण प्रस्थापितांसाठी मोकळी सोडलेली आहे. म्हणून आज या विषयावर लिहीत आहोत.

ही बँक आकाशातून पडलेली नाही. तिच्यामागे सावकारीचा मोठा इतिहास आहे आणि तो याच मुलखात घडला आहे. इंग्रज सरकारने नवी जमीनमोजणी आणि रोख साऱ्याची पद्धत १८३६ च्या सुमारास पहिल्यांदा लागू केली ती इंदापूर तालुक्यात. पाऊस पडो न पडो, सारा रोखीने भरायचा. आणि रोकड फक्त सावकाराकडे. त्यातून कर्ज, कर्जातून गहाणखत, गहाणखतातून जप्ती. शेवटी १२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. तेच दख्खनचे दंगे. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला आणि १८८३ साली महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला.

पुढे १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला. पाणी आले म्हणून ऊस आला. पण उसाला बेणे, खत, मजुरी असा मोठा खर्च लागतो आणि आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा राहतो. तेवढा काळ थांबायचे तर भांडवल पाहिजे. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९११ साली सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक निघाली. आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक ही तिचीच वारस. या बँकेने सुरुवातीच्या काळातच नीरा कालव्यावरच्या ऊस उत्पादकांच्या सोसायट्यांना कर्जपुरवठा केला. १९१७ साली पुणे जिल्ह्याची स्वतंत्र मध्यवर्ती बँक स्थापन झाली.

तरीसुद्धा सावकार लगेच हटला नाही. गोरवाला समितीने १९५१-५२ मध्ये देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के आणि सावकारांचा जवळजवळ ७० टक्के, असे तिला आढळले. त्यानंतर सरकारने सहकारात भांडवल घातले, १९६० साली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम झाला, साखर कारखाने उभे राहिले आणि जिल्हा बँकेच्या शाखा गावोगाव पोहोचल्या. खातेदार शेतकऱ्याला सावकाराच्या ओट्यावरून उठवून बँकेच्या खिडकीपर्यंत आणण्याचे श्रेय या व्यवस्थेला द्यावेच लागेल. आम्ही ते नाकारत नाही.

आता तिचा कारभार पाहा. वरून नाबार्डचे अर्थसहाय्य राज्य बँकेकडे, तेथून जिल्हा बँकेकडे. जिल्हा बँक या पैशात स्वतःच्या ठेवी घालून शाखेमार्फत गावच्या विविध कार्यकारी सोसायटीला कर्ज देते आणि सोसायटी ते सभासदाला वाटते. कोणत्या पिकाला एकरी किती कर्ज द्यायचे हे जिल्हास्तरीय तांत्रिक समिती ठरवते. ऊस कारखान्याला गेला की कर्जाचा हप्ता बिलातूनच कापला जातो. मुदतीत फेड केली तर ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावर शेतकऱ्याला व्याज पडत नाही, कारण व्याजाचा भार केंद्र आणि राज्य सरकार उचलते. म्हणजे तो भार तुमच्या-आमच्या करातून भरला जातो. काडेपेटी विकत घेणारा ऊसतोड कामगारही तो कर भरतो.

या सगळ्या साखळीची किल्ली एकच आहे: सातबारा. ज्याच्या नावावर जमीन, तो सोसायटीचा सभासद. जो सभासद, त्यालाच पीककर्ज. ज्याला पीककर्ज, त्यालाच व्याजमाफी आणि कर्जमाफी. २००८ ची केंद्राची कर्जमाफी घ्या, २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना घ्या, नाहीतर २०१९ ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना घ्या. तिन्ही वेळा यादी निघाली ती बँकांच्या आणि सोसायट्यांच्या कर्जखात्यांवरून. ज्याने मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी शेकडा पाच-दहा रुपये महिना व्याजाने खासगी कर्ज काढले, त्या भूमिहीन मजुराचे नाव त्या यादीत येणारच कसे? महात्मा फुल्यांच्या नावाच्या योजनेत फुल्यांचा सर्वांत शेवटचा माणूस बसला नाही, ही गोष्ट आम्हाला बोचते.

आणि सातबारा कुणाकडे नाही, हा काही योगायोग नाही. गावगाड्याने ज्यांना जमीन दिली नाही, त्यांच्याकडे ती नाही. ज्यांच्याकडे महार वतनाची थोडीफार जमीन होती, ती १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने नष्ट करण्याच्या कायद्याने परत मिळाली, पण नव्या अविभाज्य शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तिचे हस्तांतर नाही. पुढच्या पिढ्यांत एका गटावर पंधरा-वीस वारसांची नावे चढली. कागद घेऊन आमच्याकडे येणाऱ्यांत असे सातबारे वारंवार दिसतात. प्रत्येकाच्या वाट्याला येते गुंठ्यांतली जमीन, आणि कर्जासाठी सगळ्यांच्या संमतीचा घोळ. म्हणजे जमीन असूनही पत नाही!

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ साली भारतातील लहान शेतीवर लेख लिहिला. शेत लहान की मोठे एवढ्यावर तिचा किफायतशीरपणा ठरत नाही, त्या जमिनीला पुरेसे भांडवल आणि अवजारे मिळतात की नाही यावर तो ठरतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये तर त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा, गावकऱ्यांना जातिधर्माचा भेद न करता जमीन कसायला द्यावी आणि भांडवल राज्याने पुरवावे, जेणेकरून जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरणार नाहीत, अशी मांडणी केली. सहकाराने भांडवल गावात आणले खरे, पण जमिनीची जुनी वाटणी तशीच ठेवून आणले. त्यामुळे ज्याच्याकडे होते त्यालाच आणखी मिळाले.

सत्तेचेही तसेच. जिल्हा बँकेच्या निवडणुकीत सोसायटीचा सामान्य सभासद मतदान करीत नाही. सोसायटीने ठराव करून पाठवलेला एक प्रतिनिधी मत देतो. ज्याच्या हातात सोसायटी, त्याच्या हातात ठराव. ज्याच्या हातात तालुक्यातले ठराव, त्याच्या हातात बँक. तेथून कारखाना आणि विधानसभा किती लांब आहे, हे पुणे जिल्ह्यातल्या वाचकाला सांगायला नको.

मग करायचे काय? नुसता संताप करून भागणार नाही. कायदा काय सांगतो ते आधी पाहा.

ज्याच्या नावावर पाच गुंठे जरी असले, त्याने सोसायटीच्या सभासदत्वासाठी लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी. सहकार अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, असे कलम २३ सांगते. नाकारलेच तर ६० दिवसांत निबंधकाकडे अपील करता येते. कलम ७३ ब प्रमाणे संचालक मंडळात अनुसूचित जाती-जमातींसाठी एक जागा राखीव आहे. त्या जागेवर सर्व सभासद मतदान करतात, म्हणून तिथे बहुतेक वेळा प्रस्थापितांच्या पॅनेलचा ‘आपला माणूस’ बसतो. आपले सभासद वाढल्याशिवाय त्या खुर्चीवरचा माणूस आपला होणार नाही.

जे पूर्ण भूमिहीन आहेत, त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. एक बचत गटाची. नाबार्डने १९९२ साली गट आणि बँक जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला, त्यात जमीन तारण लागत नाही. बटईने किंवा खंडाने कसणाऱ्यांना संयुक्त दायित्व गट करता येतो. दुसरी वाट नवी आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या सहकार मंत्रालयाने प्राथमिक सोसायट्यांसाठी आदर्श उपविधी काढले. त्यांत दूध, मत्स्यव्यवसाय, गोदाम असे २५ हून अधिक व्यवसाय आहेत आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांच्या प्रतिनिधित्वाची तरतूद आहे. शेळ्या पाळणारी बाई किंवा एका म्हशीवर घर चालवणारा माणूस सोसायटीच्या कक्षेत यावा, यासाठी हे उपविधी आपल्या सोसायटीने कितपत स्वीकारले, हे वार्षिक सभेत उभे राहून विचारले पाहिजे.

नोटाबंदीच्या वेळी, १४ नोव्हेंबर २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेने जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला बंदी केली, तेव्हा साऱ्या खेड्यांचा श्वास कोंडला. जिल्हा बँक बंद पडली तर गाव कसे थांबते, ते तेव्हा बड्या बागायतदारांना कळले. ज्यांच्यासाठी ती खिडकी कधी उघडलीच नाही, त्यांचे गाव रोजच थांबलेले असते.

लासुर्ण्याच्या शाखेत आणि राज्यातल्या अशा प्रत्येक शाखेत आपल्या ठेवी आहेत. शिक्षकांच्या आहेत, निवृत्त कामगारांच्या आहेत, गटातल्या बायाबापड्यांच्या आहेत. ठेवीदार म्हणून चालतो, तो माणूस कर्जदार आणि सभासद म्हणून का चालत नाही? हा प्रश्न येत्या वार्षिक सभेत, इतिवृत्तात नोंद करून, विचारला गेला पाहिजे. तालुक्या-तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या सोसायटीची सभासद यादी मागून घ्यावी आणि त्यात आपली नावे किती आहेत ती मोजावीत. कामाला सुरुवात तिथूनच होईल.