कर्करोग : उपचाराचा हंगाम अर्ध्यावर सोडू नका

पेरणी झाली, खुरपणी झाली, एक फवारणीही झाली. मग चार पानं करपलेली दिसली म्हणून कुणी उभ्या पिकाकडे पाठ फिरवतो का? नाही फिरवत. पण घरातल्या माणसाला कर्करोग होतो, दोन-तीन केमो होतात, केस जातात, तोंड येतं, अंगातलं बळ जातं आणि मग घरात कुणीतरी म्हणतं, "आता पुरे, रोगापेक्षा औषधानंच माणूस जायचा." उपचार तिथंच थांबतात. शिवारफेरीला, पीक पाहणीला गेलं आणि ओट्यावर घोटभर चहाला टेकलं, की अशी गोष्ट कानावर येते. कुणाचं कारण त्रास, कुणाचं पैसा, कुणाचं सोयाबीनची काढणी. रोग मात्र कुणाच्या काढणीसाठी थांबत नाही.

मी डॉक्टर नाही, शेतीखात्याचा माणूस आहे. औषध कोणतं आणि किती, हे डॉक्टरांनीच सांगायचं. पण उपचाराच्या सहा-आठ महिन्यांत घर कसं चालवायचं, कोणता त्रास घरी निभावायचा, कोणत्या त्रासाला रात्रीची गाडी काढायची आणि शेतीचं काय करायचं, हे आधी कळलं तर माणूस उपचार पुरे करतो. म्हणून हा लेख.

त्रास होतो तो का?

कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात. केमोचं औषध अशा भराभर वाढणाऱ्या पेशींवर मारा करतं. आता शरीरात चांगल्या पेशीही काही ठिकाणी भराभर वाढत असतात. केसांची मुळं, तोंडातलं आणि आतड्यातलं अस्तर, हाडाच्या मगजात तयार होणारं रक्त, यांनाही त्याचा फटका बसतो. तणनाशकासारखंच समजा. निवडक तणनाशक असलं तरी पिकाला थोडा झटका बसतो, पानं पिवळी पडतात, पुढं आठ-दहा दिवसांत पीक सावरतं. इथंही तसंच आहे. चांगल्या पेशी सावराव्यात म्हणूनच दोन डोसांमध्ये अंतर ठेवतात. पुष्कळ औषधांत ते २१ दिवसांचं असतं. अंतर डॉक्टर ठरवतात. आपण मनानं "पुढच्या आठवड्यात जाऊ" असं करायचं नाही.

केस बहुतेकांचे उपचार संपल्यावर काही महिन्यांत परत येतात. आणखी एक ध्यानात घ्या. त्रास झाला म्हणजे रोग वाढला असं नाही, आणि त्रास झाला नाही म्हणजे औषध लागू पडलं नाही असंही नाही.

ताप आला तर थांबू नका

सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. राखणदार नसताना साधा जंतूही काही तासांत जीव धोक्यात आणतो. म्हणून घरात एक थर्मामीटर ठेवा. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला, अथवा थंडी वाजून हुडहुडी भरली, तर सकाळची वाट बघू नये. तापाची गोळी देऊन "उतरतो का बघू" असं करू नये. गोळीनं आकडा उतरतो, आतला जंतू तसाच राहतो. डॉक्टरांना फोन करा, फाइल घ्या आणि त्याच रात्री दवाखाना गाठा. "केमो चालू आहे" हे दारातच सांगा. १०८ ची रुग्णवाहिका त्यासाठीच आहे.

याच काळात शेतकऱ्याच्या घरानं जास्त जपायचं. रुग्णानं गोठा साफ करू नये, शेणखत किंवा कंपोस्ट हलवू नये, बुरशी आलेला कडबा किंवा भुसा उपसू नये. त्यातली बुरशी श्वासावाटे छातीत जाते. फवारणीच्या जवळपास फिरकू नये. अनवाणी चालू नये. विळ्या-खुरप्यानं कापलं तर लगेच साबणानं धुऊन दवाखान्यात दाखवावं. लग्न, जत्रा, बाजार टाळावा. पाणी उकळून गार केलेलं, दूध चांगलं तापवलेलं, अन्न ताजं आणि पूर्ण शिजवलेलं द्यावं. आणि घरातल्या प्रत्येकानं रुग्णाजवळ जाण्याआधी हात साबणानं धुवावेत.

केमोनंतर दोन दिवस रुग्णाच्या लघवीत आणि उलटीत औषधाचा अंश उतरतो. संडासात जास्त पाणी टाकावं. भरलेले कपडे रबरी हातमोजे घालून वेगळे धुवावेत. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, फक्त काळजी घ्यायची.

तोंड आणि ताट

उलटीची गोळी उलटी सुरू झाल्यावर नाही, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळेलाच घ्यायची. एकदम ताटभर जेवण्यापेक्षा दोन-दोन तासांनी थोडं थोडं खावं. फोडणीच्या वासानं मळमळत असेल तर रुग्णाला स्वयंपाकाच्या वेळी बाहेर ओसरीवर बसवावं. लाह्या, टोस्ट असं कोरडं काही जवळ असू द्यावं.

तोंड आलं असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा टाकून दिवसातून चार-सहा वेळा गुळण्या कराव्यात. ब्रश मऊ घ्यावा. तिखट, आंबट, कढत बंद. तंबाखू, मिसरी, गुटखा, दारू तर कायमचीच बंद. मऊ खिचडी, घट्ट वरण-भात, नाचणीची पेज, शिरा, चांगलं उकडलेलं अंडं कुस्करून, असं द्यावं. "अंडं उष्ण पडतं" म्हणून बंद करू नका. या काळात शरीराला झीज भरून काढायला प्रथिनं लागतात. "साखर-भात बंद केला की कर्करोग उपाशी मरतो" ही ऐकीव गोष्ट आहे. त्यात रोग मरत नाही, माणूस खंगतो, आणि वजन फार उतरलं की डॉक्टरांना डोस पुढं ढकलावा लागतो. मधुमेह असेल तर आहार डॉक्टरांना विचारून ठरवावा. उपासतापास, निरंकार एकादशी या वर्षी नको. देव समजून घेईल.

जुलाब लागले तर ओ.आर.एस. सुरू करून डॉक्टरांना कळवावं. दिवसभर काहीच पोटात ठरत नसेल किंवा लघवी कमी झाली असेल तर घरी थांबू नये.

झाडपाला, काढे, भस्मं यांची माहिती देणारे गावात पुष्कळ भेटतात. काही वनस्पती यकृताला किंवा मूत्रपिंडाला बाधतात, काही केमोच्या औषधात आडव्या येतात. घ्यायचंच मनात असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. आणि त्यासाठी मूळ उपचार तर कदापि सोडू नका.

शेक चुकवायचा नाही

रेडिएशनला आपल्याकडे शेक किंवा लाइट म्हणतात. तोंडाच्या-घशाच्या कर्करोगात तो साधारण सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस असतो. देताना दुखत नाही. पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कातडी काळवंडते, घसा सोलल्यासारखा होतो, आणि नेमकी तेव्हाच माणसं घर गाठतात. मध्ये खंड पडला की रोगाच्या पेशींना परत वाढायला फुरसत मिळते. पाण्याच्या दोन पाळ्यांत नको तितकं अंतर पडलं की पिकाचं काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

शेकाच्या जागी हळद, तेल, लेप काही लावू नये. डॉक्टरांनी दिलेलं मलमच लावावं. अंगावर काढलेल्या खुणा पुसू नयेत. सैल सुती कपडा वापरावा, ऊन लागू देऊ नये. गिळवत नसेल तर डॉक्टर नाकातून नळी घालतात. नळी म्हणजे शेवट आला असं नाही. पोटात अन्न जावं आणि शेक पुरा व्हावा यासाठीच ती असते. तोंड उघडायचे व्यायाम शिकवले असतील तर ते रोज करावेत, नाहीतर जबडा आखडतो.

बाहेरून यंत्रानं शेक घेतलेल्या माणसाच्या अंगातून किरण बाहेर येत नाहीत. तो नातवंडाला मांडीवर घेऊ शकतो. कर्करोग शिवण्यानं, एका ताटात जेवण्यानं पसरत नाही. रुग्णाची वाटी-भांडी, अंथरूण वेगळं टाकणं हा त्याच्यावर दुसरा आजार लादणं आहे.

बधिर पाय, सुजलेला हात, दुखणं

काही औषधांनी हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. मग काटा रुतलेला कळत नाही, भाकरी थापताना तव्याचा चटका समजत नाही. रोज रात्री तळपाय बघावेत आणि बधिरपणा डॉक्टरांना सांगावा. डोस कमी-जास्त करता येतो.

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात पुढं सुजू शकतो. त्या हातानं सुरुवातीला भरलेली घागर, गवताचा भारा उचलू नये, कापणं-भाजणं सांभाळावं. पण हात बांधूनही ठेवू नये. शिकवलेला व्यायाम रोज करावा.

थकवा म्हणजे आळस नव्हे. दिवसात थोडं चालावं, बांधापर्यंत जाऊन यावं, मग पडावं. घरातली बाई आजारी असेल तर मात्र हा नियम कुणी पाळत नाही. केमो घेऊन आली आणि संध्याकाळी चुलीपुढं बसली, हे चित्र आपल्याकडे फार दिसतं. बायका तपासणीही "आधी लावणी होऊ द्या" म्हणून लांबवतात. भाऊरायांनो, चार महिने भाकरी तुम्ही थापा. काही बिघडत नाही.

दुखणं सोसण्यात मर्दुमकी नाही. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिनच्या गोळ्या आहेत, आणि २०१४ साली कायद्यात बदल होऊन त्या मान्यताप्राप्त रुग्णालयांतून मिळणं सोपं झालं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्या तर सवय लागण्याची भीती बाळगू नये. काही वेळा डॉक्टरच सांगतात, की रोग पुरता बरा करण्याचे उपाय आता उरले नाहीत. तेव्हाही वेदना, मळमळ, धाप कमी करणारे उपचार असतात. तेही मागून घ्यावेत, तो रुग्णाचा हक्कच आहे.

जमीन विकण्याआधी

पैशासाठी सावकाराकडे जाण्याआधी किंवा जमिनीचा व्यवहार करण्याआधी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. योजनेत वर्षाला कुटुंबामागं ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. त्यात कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि शेक येतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्या. मंजुरी उपचाराच्या आधी घ्यावी लागते, हे विसरू नका. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडेही अर्ज करता येतो.

सगळ्यांनी मुंबईच गाठायला पाहिजे असंही नाही. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून आहेच. पण बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे, आणि तिथं १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नागपूरला तुकडोजी महाराजांच्या नावाचं आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. पहिलं निदान मोठ्या ठिकाणी करून पुढचे डोस जवळ घेता येतील का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. मुंबईत राहायची अडचण असेल तर दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा टाटाच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना आसरा देते.

रुग्णालयाच्या दाखल्यावर रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टियर ए.सी.ला रुग्णाला पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के भाडेसवलत मिळते. एस.टी.तही कर्करोग रुग्णांना सवलत आहे.

शेतीचं नियोजन

पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून अंदाजे तारखा लिहून घ्या आणि पंचांगाशेजारी टांगा. त्या तारखा बघूनच पीक ठरवा. रोज तोडणी लागणारी भेंडी, मिरची, फुलं या वर्षी टाळा. हरभरा, ज्वारी, तूर अशी कमी हात मागणारी पिकं घ्या. दूरची जमीन एका वर्षासाठी वाट्यानं द्यायला हरकत नाही, पण बोली लेखी करा. पीक विम्याची मुदत आणि सोसायटीचा हप्ता यांची जबाबदारी घरातल्या एकावर नेमून टाका. दवाखान्याच्या धावपळीत मुदती हुकतात आणि थकबाकी उभी राहते.

गावकारभाऱ्यांनाही चार शब्द. सरपंच, तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक, आशाताई, तुमच्या गावात उपचार चालू असलेले किती जण आहेत, हे तुम्हाला माहीत असतं. उत्पन्नाचा दाखला त्यांना हेलपाटे न घालता द्या. कमाई थांबलेल्या निराधार रुग्णाचा अर्ज संजय गांधी निराधार अनुदान योजनेत भरून द्या. पेरणीला सावड करा. इर्जिकीची रीत आपल्या बापजाद्यांनी अशाच दिवसांसाठी घालून दिली. आणि ज्याचे उपचार मध्येच थांबलेत, त्याच्या घरी जाऊन का थांबले ते विचारा. कारण बहुतेक वेळा सुटण्यासारखं असतं.

हे लक्षात ठेवा

० ताप १००.४ किंवा वर : त्याच दिवशी, त्याच रात्री दवाखाना.
० डोसाची आणि शेकाची तारीख मनानं बदलायची नाही.
० वजन दर आठवड्याला बघायचं.
० रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या एकाच फाइलमध्ये, तारखेप्रमाणे.
० उपचार संपल्यावरही फेरतपासणी चालू ठेवायची. पहिली दोन वर्षं महत्त्वाची.
० तंबाखू घरातल्या सगळ्यांनीच सोडायची.

ज्यांच्या घरी असा आजार आहे त्यांनी हे कात्रण फाइलला लावून ठेवावं. ज्यांच्या घरी नाही त्यांनी शेजारच्याला वाचून दाखवावं.