दादाजानच्या फोनची तीन कुलपे

अब्बांचा इंतेकाल होऊन चाळीस दिवस झाले होते. घरातली ये-जा कमी झाली आणि अम्मीने कपाटातून अब्बांचा फोन काढून माझ्या हातात दिला. म्हणाली, "यातलं त्यांचं बोलणं मला ऐकायचं आहे."

निवृत्तीनंतर अब्बांना एक छंद लागला होता. दुपारी जेवण झाले की पलंगावर बसून ते फोनमध्ये आपला आवाज भरून ठेवत. आमचे खानदान या शहरात कुठून आले, जुन्या घराच्या अंगणात विहीर कशी होती, त्यांच्या आईने किती हालात मुले वाढवली, असे सगळे आमच्या दख्खनी बोलीत. "नंतर ऐका," असे ते म्हणत. त्या 'नंतर'ची वेळ आता आली होती आणि फोनला पॅटर्नचे कुलूप होते.

आम्ही सगळ्यांनी बोटे फिरवून पाहिली. दरवेळी चूक. फोन आधी तीस सेकंद थांबायला सांगू लागला, मग त्याहून जास्त. शेवटी माझा पुतण्या फोन घेऊन बाजारात गेला. दुकानदाराने विचारले, "लॉक काढायचं ना?" पुतण्या "हो" म्हणाला. अर्ध्या तासात कुलूप निघाले आणि त्याबरोबर फोनमधले सगळेच निघून गेले. अब्बांचा आवाज, फोटो, नंबर, सगळे. वर पडद्यावर नवा प्रश्न आला : या फोनवर आधी असलेले गुगल खाते टाका. ते खाते कोणते, हे घरात कुणालाच माहीत नव्हते. फोन विकत घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने स्वतःच ईमेल तयार करून दिला होता. अब्बांनी तो पुन्हा कधी पाहिलाही नाही.

संध्याकाळी माझा आठ वर्षांचा भाचा जवळ आला. दादाजानच्या फोनवर तो रोज गेम खेळायचा. त्याने फोन हातात घेतला, पडद्यावर पॅटर्नचा पर्याय दिसताच इंग्रजी 'झेड'सारखे बोट फिरवले आणि फोन उघडला. आतून अगदी कोरा. "मला माहीत होतं," तो म्हणाला, "कुणी विचारलंच नाही."

मी शाळेत मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते, फोन दुरुस्त करणे हे माझे काम नाही. पण त्या दिवसानंतर मी या विषयाच्या मागे लागले. जे समजले ते आपल्या घराघरांत पोहोचावे, म्हणून हा लेख.

कुलूप एक नव्हे, तीन

आपण 'फोन लॉक झाला' असे सरसकट म्हणतो. खरे तर कुलपे तीन वेगवेगळी असतात.

पहिले पडद्याचे कुलूप : पिन, पॅटर्न, पासवर्ड किंवा बोटाचा ठसा. दुसरे गुगल खात्याचे. अँड्रॉइडच्या 5.1 या आवृत्तीबरोबर 2015 मध्ये ते आले. चोराने बटणे दाबून फोन कोरा केला, तरी आधीच्या मालकाचे खाते किंवा आधीचा पिन-पॅटर्न दिल्याशिवाय फोन पुढे सरकत नाही. तिसरे कुलूप आयएमईआय क्रमांकाचे. हा पंधरा अंकी क्रमांक म्हणजे फोनचा आधार क्रमांकच समजा. तो सरकारी यंत्रणेतून बंद केला, की फोनमध्ये कोणतेही सिम घातले तरी देशातल्या नेटवर्कवर तो चालत नाही.

आता प्रश्न असा, की दुकानदाराला पहिले कुलूप आतला माल न घालवता का काढता आले नाही? पूर्वी ते जमत असे. अँड्रॉइड 4.4 पर्यंतच्या फोनवर पॅटर्न चुकला, की 'पॅटर्न विसरलात?' असे विचारले जाई आणि गुगलचा पासवर्ड देऊन फोन उघडता येई. पुढे ती सोय गेली. अँड्रॉइड 10 पासून, म्हणजे 2019 पासून, नव्या फोनमधली माहिती सांकेतिक लिपीत ठेवणे सक्तीचे झाले. ती लिपी वाचण्याची किल्ली तुमच्या पिनशी बांधलेली असते. पिन नाही तर किल्ली नाही, आणि किल्ली नाही तर आतले फोटो म्हणजे नुसती अक्षरांची खिचडी. म्हणून "डेटा न जाता लॉक काढून देतो" असे आजच्या फोनबद्दल कुणी सांगितले, तर त्यावर पैसे लावू नका. रस्त्यावरचा दुकानदार जे करतो त्याचे नाव रीसेट, म्हणजे सगळे मिटवणे.

आमच्या दुकानदाराने फसवले नाही. त्याने विचारले ते आणि आम्ही समजलो ते, यात अंतर होते. दुकानाची पायरी चढण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवे होते. घरात कुणाला, अगदी लहान मुलाला, पॅटर्न माहीत आहे का? आणि फोनमधली माहिती दुसरीकडे कुठे जपलेली आहे का?

विकण्याआधी

आपल्या शहरात जुन्या फोनची खरेदी-विक्री मोठी आहे. पैठण गेटच्या परिसरात मोबाइलच्या दुकानांची रांगच आहे. ईदच्या आधी नवा फोन घ्यायचा आणि जुना देऊन टाकायचा, हे आता घराघरांत होते. पण जुन्या फोनमध्ये काय असते याचा विचार करा. निकाहच्या घरगुती समारंभाचे फोटो, मुलींचे फोटो, आधार कार्डाची प्रत, बँकेचे संदेश. फोटो नुसते एकेक करून पुसले तर ते सुटे करणाऱ्यांना परत मिळू शकतात.

2015 मध्ये इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 21 जुने अँड्रॉइड फोन तपासले. ते रीसेट केलेले होते. तरीही त्यातून संदेश, संपर्क आणि बहुतेक फोनमधून गुगल खात्यात शिरण्याची किल्लीसुद्धा त्यांनी काढून दाखवली. ते फोन अँड्रॉइड 2.3 ते 4.3 या आवृत्त्यांचे होते. आजच्या सांकेतिक लिपीच्या फोनमध्ये रीसेट केल्यावर किल्लीच नष्ट होते, त्यामुळे धोका फार कमी आहे. पण घरात दहा-बारा वर्षांपूर्वीचा फोन पडून असेल, तर तो भंगारात देण्यापेक्षा आपल्याजवळच ठेवलेला बरा.

विकताना हा क्रम पाळा :

1. फोटो, व्हिडिओ आणि संपर्क दुसरीकडे उतरवा. व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या आणि तो नव्या फोनवर उघडतो का, हे पाहिल्यावरच पुढे जा.
2. बँकेच्या आणि यूपीआयच्या ॲपमधून आपली नोंदणी काढा.
3. सेटिंगमधल्या 'खाती' या ठिकाणी जाऊन गुगल खाते काढून टाका. हे राहिले, तर घेणाऱ्याचा फोन दुसऱ्या कुलपात अडकतो आणि तो तुमच्या दारात येतो.
4. सिम आणि मेमरी कार्ड हाताने बाहेर काढा. कार्डावरचे फोटो फोनच्या रीसेटने जातीलच असे नाही.
5. आता सेटिंगमधूनच 'सर्व डेटा मिटवा' हा पर्याय निवडा. फोनच्या कंपनीप्रमाणे तो 'सिस्टीम' किंवा 'सामान्य व्यवस्थापन' या नावाखाली सापडतो. फोन किमान अर्धा चार्ज असू द्या.
6. फोन पुन्हा सुरू होऊन भाषा निवडायला सांगू लागला, की काम झाले. जुने खाते विचारत असेल, तर तिसरी पायरी राहिली आहे.

पॉवर आणि आवाजाचे बटण एकत्र दाबूनही रीसेट होतो. पण तो आडवाटेचा रस्ता आहे आणि त्या वाटेने गेले की गुगलचे कुलूप लागते. आमच्या घरी हेच झाले होते.

जुना फोन घेताना

छावणीच्या किंवा जाफर गेटच्या बाजारात कुणी निम्म्याहून कमी किमतीत चांगला फोन दाखवला, तर हात आखडता घ्या. फोनवर *#06# दाबले की आयएमईआय दिसतो. 'केवायएम' ही तीन इंग्रजी अक्षरे, थोडी जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश 14422 वर पाठवा. उत्तरात फोनची कंपनी आणि मॉडेल येते. हातातल्या फोनशी ते जुळले पाहिजे. क्रमांक 'काळ्या यादीत' असल्याचे उत्तर आले, तर फोन तिथेच ठेवून निघा. बिल मागा. फोन कोरा करून, आपल्यासमोर सुरू करून दाखवायला सांगा.

"गुगल लॉक आहे, पण मी काढून देतो," असे म्हणणारे भेटतील. फोन खरोखर त्याचाच असता, तर खाते त्याला माहीत असते. स्वतःचाच फोन अडकला असेल, तर बिल आणि ओळखपत्र घेऊन कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात जावे, हा सरळ मार्ग आहे. आयएमईआय बदलणे हा तर गुन्हाच आहे. 2023 च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते. सापडलेला फोन ही दुसऱ्याची अमानत आहे. तो बंद करून खिशात घालू नका. घरून फोन येईल, तो उचला, नाही तर पोलीस ठाण्यात जमा करा.

फोन हरवला तर

घरातल्या दुसऱ्या फोनवर गुगलचे 'फाइंड हब' उघडून हरवलेल्या फोनचे खाते टाका. तिथून फोन वाजवता येतो, कुलूपबंद करता येतो आणि दुरूनच कोराही करता येतो. पण कोरा करणे शेवटी. एकदा ते केले, की फोन कुठे आहे हे तिथे दिसत नाही. फोन बंद असेल, तर तो पुन्हा इंटरनेटला जोडला जाईल तेव्हाच तुमची आज्ञा पाळली जाते.

लगेच बँकेला कळवून व्यवहार थांबवा. खात्यातून पैसे गेले असतील, तर 1930 या क्रमांकावर तक्रार करा. पोलिसांत हरवल्याची नोंद करा आणि त्याच नंबरचे नवे सिम काढा. मग 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि आयएमईआय देऊन फोन बंद करण्याचा अर्ज भरा. ओटीपी नव्या सिमवर येतो. ही सोय 2019 च्या सप्टेंबरमध्ये प्रायोगिक स्वरूपात आपल्या महाराष्ट्रातच, मुंबईतून, सुरू झाली आणि मे 2023 मध्ये साऱ्या देशाला खुली झाली. फोन परत मिळाला, की त्याच ठिकाणी तो पुन्हा चालू करून घेता येतो. यासाठी आज एकच काम करा : घरातल्या प्रत्येक फोनचा आयएमईआय वहीत लिहून ठेवा.

आणि फोनचा मालकच राहिला नाही तर

हा प्रश्न आपण टाळतो. घराचे कागद, दागिने, कुणाचे देणे-घेणे यांविषयी वडीलधारी माणसे सांगून ठेवतात. फोनविषयी कुणी सांगत नाही. पिन सगळ्यांना सांगावा असे मी म्हणत नाही, प्रत्येकाचे खासगीपण असते. पण एका बंद पाकिटात खात्याचे नाव, पासवर्ड आणि पिन लिहून भरवशाच्या माणसाजवळ ठेवता येतो.

गुगलच्या खात्यात 'निष्क्रिय खाते व्यवस्थापक' नावाची सोय आहे. खाते किती महिने वापरले नाही म्हणजे कुणाला कळवायचे आणि कोणती माहिती द्यायची, हे आपण हयातीत ठरवून ठेवू शकतो. दोन वर्षे अजिबात न वापरलेले खाते गुगल काढून टाकू शकते, हेही ध्यानात असू द्या. मरहूम माणसाच्या खात्यातले फोटो हवे असतील, तर ते वेळेवर उतरवून घ्यावेत. आणि घरातल्या बुजुर्गांचे खाते दुकानदाराने काढून दिले असेल, तर या आठवड्यात त्यांच्याजवळ बसा. खाते कोणते ते पाहा, पासवर्ड बदला, त्यात घरातला दुसरा नंबर जोडा. अर्ध्या तासाचे काम आहे.

आमच्याकडे पुढे काय झाले, ते सांगते. बीडला राहणाऱ्या माझ्या फुफी ईदनंतर आल्या. फोनची हकीकत ऐकून त्यांनी पिशवीतून आपला फोन काढला. अब्बांनी आपल्या बहिणीला व्हॉट्सॲपवर काही आवाज पाठवले होते. सगळे नाही, सातच. त्यात विहिरीचा होता, दादीचा होता. मी ते त्याच रात्री माझ्या फोनवर, संगणकावर आणि एका पेन ड्राइव्हवर उतरवले. बाकीचे गेले ते गेले.

अम्मी आता रोज असरनंतर एक ऐकते. तिच्या फोनचा पिन वहीत लिहिला आहे आणि वही कुठे आहे, ते भाच्यालाही माहीत आहे.