डाय दिला, किडनी गेली?

जून 2020 मध्ये बाळकुमच्या ग्लोबल हबमध्ये ठाणे महापालिकेचं सुमारे हजार खाटांचं कोविड रुग्णालय उभं राहिलं, त्या काळात ‘स्कोअर किती आला?’ हा प्रश्न घरोघरी पोहोचला. तो स्कोअर देणारं छातीचं एचआरसीटी स्कॅन डायविनाच होई. फुप्फुसांतली हवाच चित्राला पुरेसा उठाव देते. रक्तवाहिन्यांचं किंवा पोटातल्या गाठीचं स्कॅन मात्र वेगळं. तिथे शिरेतून आयोडीनयुक्त डाय देतात, अंगभर ऊब पसरते. त्याआधी सेंटरवाले किडनीचं काम दाखवणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागतात.

कारण हा डाय बाहेर पडतो तो मूत्रपिंडांतून. किडनी धड असेल तर बहुतेक सगळा चोवीस तासांत. ‘डायने किडनी जाते’ ही भीती जुन्या अभ्यासांतून आली. त्यांतल्या अनेकांत डाय न दिलेल्या रुग्णांशी तुलनाच नव्हती. (गंभीर आजाऱ्याचं क्रिएटिनिन डायशिवायही चढतं, हे सोयीस्करपणे विसरलं गेलं.) तशी तुलना झाली तेव्हा धोका बराच कमी निघाला. 2020 मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि किडनीविषयक संस्थांनी एकत्र येऊन सांगितलं, की खरी काळजी ईजीएफआर (किडनीची गाळण्याची क्षमता) 30 च्या खाली असलेल्यांची आणि किडनी अचानक बिघडलेल्यांची. अशांना, डायलिसिस सुरू नसेल तर, सलाइन देतात. जीवावरच्या दुखण्यात मात्र डायच्या धास्तीने स्कॅन लांबवणं हाच मोठा धोका.

मधुमेहाची मेटफॉर्मिन, रोजच्या वेदनाशामक गोळ्या, पूर्वी डायची आलेली ॲलर्जी हे सारं स्कॅनआधी सांगा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.