विश्लेषण : क्रांतीवर पाळत कशी ठेवतात? अमरावतीच्या खापर्डेंपासून कॅस्ट्रोंच्या क्युबापर्यंत…

पत्रे फोडणे, भाषणे टिपून घेणे, घरात माणूस घुसवणे, परदेशातील साथीदारांची यादी करणे… अमेरिकेने क्युबाच्या क्रांतिकारी सरकारविरुद्ध वापरलेल्या या पद्धती वऱ्हाड-विदर्भातील माणसांनी त्याच्या अर्धशतक आधीच अनुभवल्या होत्या. ही यंत्रणा कशी चालायची, तिचे अंदाज कुठे चुकायचे आणि एकदा उघडलेली फाइल माणसाचा पाठलाग किती काळ करते, याचा आढावा.

आता चर्चा कशासाठी?

अमेरिकेचे माजी अध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांच्या हत्येशी संबंधित हजारो पानांची कागदपत्रे मार्च २०२५ मध्ये खुली करण्यात आली. हत्येचे गूढ त्यातून फारसे उलगडले नाही. मात्र सीआयए ही अमेरिकी गुप्तचर संस्था फिडेल कॅस्ट्रो यांचे सरकार आणि त्याचे परराष्ट्र संबंध यांच्यावर कशी नजर ठेवत होती, याचे पूर्वी काळ्या शाईने झाकलेले अनेक तपशील वाचता येऊ लागले. केनेडी यांचे सल्लागार आर्थर श्लेसिंजर यांचे जून १९६१ मधील टिपण त्यातलेच. अमेरिकी वकिलातींतील राजकीय विभागाचे ४७ टक्के अधिकारी प्रत्यक्षात सीआयएचे होते, असे त्यात म्हटले आहे.

वऱ्हाडी वाचकाला हा विषय दूरचा वाटेल. पण सरकारी गुप्तचरांच्या फायलींमध्ये एकेकाळी अमरावती, अकोला आणि वर्धा ही नावेही होती.

वऱ्हाडावर ब्रिटिशांची नजर का होती?

वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता, पण कागदोपत्री मुलूख निजामाचा. १९०२ मध्ये तो कायमच्या भाडेपट्ट्याने घेण्यात आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. १९०५ मध्ये एलिचपूर जिल्हा अमरावतीत आणि वाशीम जिल्ह्याचा मोठा भाग अकोल्यात विलीन झाला. या मुलखात लोकमान्य टिळकांचा मोठा अनुयायी वर्ग होता. १८९७ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीत भरले, तेव्हा स्वागताध्यक्ष होते नामवंत वकील गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे.

जुलै १९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर ऑगस्टमध्ये खापर्डे टिळकांचे अपील प्रिव्ही कौन्सिलपुढे नेण्यासाठी इंग्लंडला गेले आणि १९१० पर्यंत तिथेच राहिले. १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रा यांनी लंडनमध्ये कर्झन वायली यांच्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हा खापर्डे त्याच शहरात होते. त्यानंतर लंडनमधील जवळजवळ प्रत्येक हिंदी माणूस पोलिसांच्या दृष्टीने संशयित ठरला.

खापर्डे यांच्यावर पाळत कशी ठेवली गेली?

परतीच्या वाटेवर ऑक्टोबर १९१० मध्ये मंडालेच्या तुरुंगात टिळकांची भेट घेऊन खापर्डे अमरावतीला आले. त्यानंतर ते शिर्डीला साईबाबांकडे गेले. पहिला मुक्काम डिसेंबर १९१० मध्ये काही दिवसांचा होता. दुसरा डिसेंबर १९११ ते मार्च १९१२ असा तीन महिन्यांहून अधिक काळ चालला. या काळातील त्यांची रोजनिशी आज ‘शिर्डी डायरी’ म्हणून साईभक्त वाचतात. काकड आरती, भेटीला आलेली माणसे, बाबांचे बोलणे असा तिचा मजकूर. राजकारण जवळजवळ नाहीच.

रोजनिशी इतकी सावध का, याचे एक उत्तर खापर्डे यांच्या मुलाने लिहिलेल्या चरित्रात सापडते. ‘हंस’ किंवा ‘स्वामी’ म्हणून ओळखला जाणारा एक पाहुणा कुटुंबात मिसळला होता. हिमालयातल्या भ्रमंतीच्या गोष्टी सांगून त्याने घरच्यांचा विश्वास मिळवला. तो प्रत्यक्षात गुप्त पोलिसांचा माणूस होता, असे चरित्र सांगते. टिळकांचा उजवा हात तीन महिने अध्यात्मात रमला, यावर सरकारचा विश्वास बसत नव्हता. भक्ती हा बनाव असावा, असे गृहीत धरूनच पाळत चालू होती.

ही यंत्रणा चालायची कशी?

मध्य प्रांतात नोकरी केलेले अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील पोलीस आयोगाच्या शिफारशीनंतर १९०४ मध्ये मध्यवर्ती गुन्हे गुप्तवार्ता विभाग स्थापन झाला. आजच्या इंटेलिजन्स ब्युरोचा तो पूर्वज. माहिती मुख्यतः चार वाटांनी यायची.

पहिली वाट वर्तमानपत्रांची. देशी भाषांतील पत्रांचे उतारे दर आठवड्याला इंग्रजीत भाषांतरित होऊन अधिकाऱ्यांच्या टेबलावर जात.

दुसरी टपालाची. १८९८ च्या टपाल कायद्यातील कलम २६ नुसार सरकारला पत्रे अडवता येत.

तिसरी सभांची. मराठी लघुलिपी शिकलेले पोलीस सभेत बसून भाषण शब्दशः टिपून घेत. १९१६ मध्ये बेळगाव व अहमदनगर येथील भाषणांवरून टिळकांविरुद्ध जामिनाची कारवाई झाली, ती अशाच टिपणांच्या आधारे. उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि पुढच्याच वर्षी टिळक होमरूलच्या प्रचारासाठी अकोल्याच्या व्यासपीठावर होते.

चौथी वाट खबऱ्यांची. सर्वांत स्वस्त, आणि सर्वांत कमी भरवशाची. खबऱ्याला पैसे बातमीचे मिळतात. बातमी नसेल तर ती तयार करण्याचा मोह होतो.

परदेशातील क्रांतिकारकांचे काय?

क्रांतीचे परदेशी संबंध शोधणे हे गुप्तचरांचे नेहमीच सर्वांत मोठे काम असते. शस्त्रे कोण देतो, पैसा कुठून येतो, कोणता शत्रुदेश पाठीशी आहे? १९०९ नंतर लंडनमध्ये यासाठी स्वतंत्र कार्यालय उभे राहिले. पुढे ते ‘इंडियन पोलिटिकल इंटेलिजन्स’ या नावाने ओळखले गेले. कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये विल्यम हॉपकिन्सन हा कलकत्ता पोलीस दलातील माजी अधिकारी हे काम करत होता. वरकरणी तो इमिग्रेशन खात्यात होता. कॅलिफोर्नियापर्यंत जाऊन त्याने गदर चळवळीची माहिती जमवली. ऑक्टोबर १९१४ मध्ये मेवासिंग यांनी त्याला व्हँकुव्हरच्या न्यायालयातच गोळ्या घातल्या.

गदर पक्षाच्या सुरुवातीच्या नेत्यांमध्ये वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे होते. जपानमार्गे अमेरिकेत गेलेल्या खानखोजेंनी ओरेगॉनमध्ये शेतीशास्त्र शिकले आणि कॅलिफोर्नियात लष्करी शिक्षणही घेतले. पहिल्या महायुद्धात ते इराणमध्ये इंग्रजांविरुद्ध लढले, पकडले गेले आणि निसटले. १९२१ मध्ये ते मॉस्कोला पोहोचले आणि १९२४ मध्ये मेक्सिकोला.

त्यांचे गदरमधील सहकारी, पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे मात्र निसटू शकले नाहीत. फेब्रुवारी १९१५ चा नियोजित उठाव पक्षात शिरलेल्या खबऱ्याने फोडला. पिंगळे मार्चमध्ये मेरठच्या लष्करी छावणीत बॉम्बसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांना कर्तारसिंग सराभा यांच्यासह फाशी झाली. खबऱ्या नेमका बसला तर काय होते, याचे हे उदाहरण.

क्युबाबाबत अमेरिकेने काय केले?

खानखोजे ज्या मेक्सिकोत स्थिरावले, तिथूनच नोव्हेंबर १९५६ मध्ये कॅस्ट्रो ८१ साथीदारांसह ‘ग्रान्मा’ या बोटीने क्युबाकडे निघाले. जानेवारी १९५९ मध्ये क्रांती यशस्वी झाली. दोन वर्षांनी, जानेवारी १९६१ मध्ये, अमेरिकेने क्युबाशी राजनैतिक संबंध तोडले. वकिलात बंद झाल्याने हवानातील अमेरिकेचे डोळे आणि कानही बंद झाले.

मग माहिती बाहेरून गोळा होऊ लागली. मायामीत उतरणाऱ्या निर्वासितांची चौकशी होई. हवानातील मित्रदेशांच्या वकिलातींकडून अहवाल येत. क्युबाचा रेडिओ दिवसरात्र ऐकला जाई. १९६४ मध्ये लॅटिन अमेरिकेतील इतर देशांनी क्युबाशी संबंध तोडले, तरी मेक्सिकोने तोडले नाहीत. त्यामुळे मेक्सिको सिटी हे पाळतीचे मोठे केंद्र राहिले. तिथल्या क्युबन आणि सोव्हिएत वकिलातींचे टेलिफोन ऐकले जात, दारातून ये-जा करणाऱ्यांचे फोटो काढले जात. तंत्र नवे होते, पण प्रश्न गदरच्या काळातलेच होते. कोण कोणाला भेटतो आणि पाठीशी कोण आहे?

एवढी माहिती असताना अंदाज का चुकला?

१९६२ च्या उन्हाळ्यात क्युबाकडे जाणाऱ्या सोव्हिएत जहाजांची संख्या वाढली. निर्वासित सांगू लागले की रात्री लांबच लांब ट्रेलर जातात, ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेले असते. पण क्षेपणास्त्रे पाहिल्याच्या बातम्या त्याआधीही शेकड्यांनी आल्या होत्या आणि खोट्या ठरल्या होत्या. त्यामुळे खऱ्या बातमीवरही विश्वास बसेना.

१९ सप्टेंबर १९६२ च्या विशेष अंदाजपत्रात अमेरिकी विश्लेषकांनी निष्कर्ष काढला, की सोव्हिएत संघ क्युबात हल्ल्याची क्षेपणास्त्रे ठेवण्याची शक्यता कमी आहे. कारण सोव्हिएत संघाने असे पूर्वी कधी केले नव्हते. चारच आठवड्यांनी, १४ ऑक्टोबरला, यू-२ विमानाने काढलेल्या छायाचित्रांत क्षेपणास्त्रांचे तळ दिसले आणि जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर पोहोचले. त्याच आठवड्यात, २० ऑक्टोबरला, चीनने भारतावर आक्रमण केले.

क्युबात सोव्हिएत सैनिक ८ ते १० हजार असावेत, असा तेव्हाचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते सुमारे ४२ हजार होते. युद्धभूमीवर वापरायची लहान अण्वस्त्रेही बेटावर पोहोचली होती, हे अमेरिकेला उघडपणे कळले ते तब्बल ३० वर्षांनी.

इथे शिर्डीची आठवण होते. खापर्डे यांच्याबाबत सरकारने ‘हा माणूस बदलणार नाही’ असे गृहीत धरले आणि साधनेतही कट शोधला. क्युबाबाबत ‘सोव्हिएत संघ सवय बदलणार नाही’ असे गृहीत धरले आणि डोळ्यांसमोरचा कट नाकारला. दोन्ही ठिकाणी माहिती कमी नव्हती. ती आधीच ठरलेल्या मताच्या चाळणीतून गाळली जात होती.

फाइल कधी बंद होते का?

खानखोजेंची गोष्ट याचे उत्तर देते. मेक्सिकोत ते चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा चालवल्या. चित्रकार दिएगो रिवेरा यांच्या शिक्षण मंत्रालयातील भित्तिचित्रात ते भाकरी मोडून देताना दिसतात, असे सांगितले जाते. पण मायदेशाचे दार बंद होते.

१९४७ मध्ये इंग्रज गेले. खानखोजेंनी भारतात येण्यासाठी व्हिसा मागितला आणि तो सुरुवातीला नाकारला गेला. कारण ज्या सरकारविरुद्ध ते लढले, त्या सरकारने घातलेली बंदी नव्या सरकारच्या कागदांत तशीच उतरली होती. ज्याच्यासाठी देश सोडला, तेच स्वातंत्र्य मिळाल्यावर त्यांचे नाव संशयितांच्या यादीत निघाले. नंतर ती बंदी उठली, ते नागपुरात स्थायिक झाले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले ते त्यानंतर दोन वर्षांनी, १९६९ मध्ये. विदर्भाच्या शेतीला ज्याचा उपयोग झाला असता, त्या कृषिशास्त्रज्ञाची उमेदीची वर्षे जगाच्या दुसऱ्या टोकाला गेली.

आज याचे महत्त्व काय?

पत्रे अडवण्याची १८९८ ची तरतूद स्वातंत्र्यानंतरही पाऊणशे वर्षे टिकली. २०२३ च्या नव्या टपाल कायद्याने जुना कायदा गेला, पण टपाल अडवण्याचा अधिकार सरकारकडे कायम आहे. टेलिफोन ऐकण्याबाबतची १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातील तरतूदही २०२३ च्या दूरसंचार कायद्यात नव्या रूपात आली आहे. सुरक्षेसाठी असे अधिकार कोणत्याही सरकारला लागतात. प्रश्न एवढाच की चुकीची नोंद दुरुस्त कोण करणार, आणि ज्याच्यावर फाइल आहे त्याला ती कधी दिसणार?

अमेरिकेत साठ वर्षांनी का होईना, कागद बाहेर येतात. ब्रिटनने इंडियन पोलिटिकल इंटेलिजन्सच्या फायली १९९० च्या दशकात अभ्यासकांना खुल्या केल्या. त्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत पाहता येतात. मुंबई सरकारने १९५० च्या दशकात स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांचे खंड प्रसिद्ध केले, त्यात जुन्या पोलिसांचे गुप्त अहवालही छापले आहेत. आजोबा-पणजोबांच्या नावापुढे तेव्हाच्या सरकारने काय शेरा मारला होता, हे शोधायचे असेल तर सुरुवात तिथून करता येते.