हृदयाचं सैल पडणंही कामच!

शाळेत आपण हृदयाचं आकुंचन शिकलो. पण ठोक्यानंतर सैल पडणं हेही कष्टाचंच काम, हे मला फार उशिरा कळलं. त्यासाठी स्नायूपेशीतलं कॅल्शियम पंपाने परत कोठारात ओढावं लागतं आणि त्याला ऊर्जा लागते.

आता गंमत बघा. हृदयाच्या स्नायूपेशींवरही इस्ट्रोजेनचे रिसेप्टर असतात. अंडाशय काढल्यामुळे इस्ट्रोजेन घटलेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत डावा कप्पा नीट सैल पडत नाही असं दिसलं. आकुंचन ठीक, पण भरणं अपुरं. रजोनिवृत्तीनंतर बायकांमध्ये 'पंपिंग नॉर्मल' असलेलं हार्ट फेल्युअर जास्त दिसतं, त्यामागचं हे एक कारण मानलं जातं. (वय, रक्तदाब, वजन हे सोबती आहेतच.) म्हणून जिना चढताना दम लागला की 'वय झालं' म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

आणि ताकोत्सुबो! १९९० च्या सुमारास जपानी डॉक्टरांनी वर्णन केलेला प्रकार. मोठा मानसिक धक्का बसला की डाव्या कप्प्याचं टोक फुगतं आणि आकार ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा होतो. रक्तवाहिन्यांत अडथळा नसतो! दहातले जवळजवळ नऊ रुग्ण स्त्रिया, बहुतेक रजोनिवृत्तीनंतरच्या. बरेचसे काही आठवड्यांत सावरतात.

मग इस्ट्रोजेनची गोळी घ्यावी? अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'मध्ये इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन एकत्र देण्याचा प्रयोग २००२ मध्ये मुदतीआधीच थांबवला. स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढला होता आणि हृदयविकारही कमी झाले नव्हते.