महाराष्ट्र संघाचा 1948-49 चा रणजी हंगाम

1948-49 च्या रणजी करंडक हंगामात महाराष्ट्राला विजेतेपद मिळाले नाही, अंतिम फेरीही गाठता आली नाही. तरीही त्या मोसमात पुण्यात झालेल्या दोन सामन्यांनी या संघाचे नाव जागतिक क्रिकेटच्या विक्रमांत नोंदवले. पहिल्या सामन्यातल्या एका खेळीची आठवण अजून निघते. दुसरा सामना मात्र आकडेवारीची पुस्तके चाळणाऱ्यांपुरताच उरला आहे. त्याला याहून मोठा मान मिळायला हवा होता.

महाराष्ट्र राज्य 1960 साली झाले, संघ त्याच्या कितीतरी आधीचा. मुंबईचा संघ तेव्हाही वेगळा होता आणि आजही वेगळाच आहे. महाराष्ट्र संघाचे केंद्र पुणे. नाशिक जिल्हा याच संघाच्या कक्षेत येतो, त्यामुळे नांदगाव-मनमाडकडच्या खेळाडूला रणजीचे दार उघडते ते महाराष्ट्राच्याच संघातून. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली या संघाने 1939-40 आणि 1940-41 असा लागोपाठ दोनदा करंडक जिंकला होता. त्यातल्या पहिल्या हंगामात विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद 316 धावा केल्या होत्या. मोठ्या खेळी उभारण्याची सवय या संघात तेव्हापासूनची.

 त्या काळी रणजी संघाच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सामने येत. स्पर्धा बाद पद्धतीची असल्याने एक पराभव झाला की वर्ष संपले. एरवी संघांची विभागणी प्रादेशिक विभागांत होई आणि पश्चिम विभागातले संघ आधी आपसात लढत. 1948-49 साली मात्र विभाग बाजूला ठेवून सरसकट सोडत काढण्यात आली. म्हणूनच मुंबई आणि महाराष्ट्र हे शेजारी त्या वर्षी थेट उपांत्य फेरीत समोरासमोर आले.

त्याआधी, 16 डिसेंबर 1948 रोजी, पूना क्लबच्या मैदानावर काठियावाडविरुद्धचा सामना सुरू झाला. काठियावाडचा डाव 238 धावांत आटोपला. महाराष्ट्राकडून भाऊसाहेब निंबाळकर खेळायला उतरले. कोल्हापूरच्या या फलंदाजाला चारच दिवसांपूर्वी एकोणतिसावे वर्ष पूर्ण झाले होते. कमल भांडारकर यांच्याबरोबर त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी 455 धावांची भागीदारी केली. भांडारकर 205 धावांवर बाद झाले, निंबाळकर खेळत राहिले.

तिसऱ्या दिवशी खेळाच्या मधल्या सुट्टीत महाराष्ट्राच्या 4 बाद 826 धावा झाल्या होत्या आणि निंबाळकर 443 धावांवर नाबाद होते. त्या वेळचा जागतिक विक्रम डॉन ब्रॅडमन यांच्या नावावर होता : जानेवारी 1930 मध्ये सिडनीला क्वीन्सलँडविरुद्ध नाबाद 452. बरोबरीला नऊ धावा हव्या होत्या, विक्रमाला दहा. काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब यांनी मात्र डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघतो, अशी भूमिका घेतली. डाव घोषित झाला नाही, काठियावाडचे खेळाडू मैदानावर परतले नाहीत, आणि सामना महाराष्ट्राला बहाल झाला.

सोडून दिलेल्या त्या षटकांबद्दल ठाकोरसाहेबांना आजवर बरेच बोल लागले, आणि ते रास्तच आहेत. समोरचा संघ 588 धावांनी पुढे गेल्यावर कर्णधार वैतागणारच, पण दहा धावांसाठी थांबणे अशक्य नव्हते. मात्र या नऊ-दहा धावांच्या हळहळीत मूळ खेळी झाकोळली जाते. निंबाळकर 494 मिनिटे, म्हणजे सव्वाआठ तास खेळपट्टीवर होते. त्यांनी 49 चौकार आणि एक षटकार मारला. त्या फटक्यांच्या 202 धावा वजा केल्या तरी 241 उरतात, आणि त्या त्यांनी पळून काढल्या होत्या. म्हणजे निम्म्याहून अधिक खेळी पायांच्या जोरावर उभी राहिली. पुढे हनीफ मोहम्मद यांनी 1959 मध्ये 499 आणि ब्रायन लारा यांनी 1994 मध्ये नाबाद 501 धावा केल्या. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये चारशेच्या पुढे गेलेले भारतीय फलंदाज म्हणून निंबाळकरांचेच नाव घेतले जाते.

त्याच मोसमात वेस्ट इंडिजचा संघ पहिल्यांदाच भारताच्या दौऱ्यावर आला होता. महाराष्ट्राच्या मधुसूदन रेगे यांना मद्रासच्या कसोटीत संधी मिळाली, ती त्यांची एकमेव कसोटी ठरली. निंबाळकरांना तर आयुष्यात एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही. निवड समित्यांच्या इतिहासातला हा ढळढळीत अन्याय होय.

5 मार्च 1949 रोजी पुण्यात मुंबईविरुद्धचा उपांत्य सामना सुरू झाला आणि 11 मार्चला संपला. मुंबईने पहिल्या डावात 651 धावा केल्या. त्यात यष्टिरक्षक-फलंदाज माधव मंत्री यांच्या 200, उदय मर्चंट यांच्या 143 आणि दत्तू फडकर यांच्या 131 धावा होत्या. महाराष्ट्राने दातार यांच्या 143 आणि रेगे यांच्या 133 धावांच्या बळावर 407 पर्यंत मजल मारली. 244 धावांची आघाडी हातात असूनही मुंबई पुन्हा फलंदाजीला उतरली आणि तिने 8 बाद 714 वर डाव सोडला. मर्चंट यांनी 156, फडकर यांनी 160 धावा काढल्या. दोघांचेही सामन्यातले हे दुसरे शतक.

महाराष्ट्रापुढे आव्हान होते 959 धावांचे. इतक्या दिवसांच्या दमछाकीनंतर असा आकडा पाहून कोणीही हातपाय गाळले असते. महाराष्ट्राने 604 धावा केल्या. एस. डी. देवधर यांनी 146 धावा काढल्या आणि रेगे यांनी बरोबर 100 धावा करून आपलेही दुसरे शतक पूर्ण केले. चौथ्या डावातली याहून मोठी धावसंख्या तोवर एकदाच झाली होती, 1939 साली डर्बनला इंग्लंडची 5 बाद 654. सामना 354 धावांनी गेला, तरी हरणाऱ्या संघाची अशी झुंज क्वचितच नोंदली गेली असेल.

चार डावांत मिळून 2376 धावा झाल्या, नऊ शतके लागली, आणि तिघा फलंदाजांनी दोन्ही डावांत शतके केली. एका प्रथम दर्जाच्या सामन्यातली धावांची ही सर्वोच्च बेरीज आहे. गोलंदाजांच्या हालांची कल्पना याच बेरजेवरून यावी. अंतिम सामन्यात मुंबईने बडोद्याला 468 धावांनी हरवून करंडक नेला.

निंबाळकर पुढे होळकर संघाकडून आणि रेल्वेकडूनही खेळले. प्रथम दर्जाच्या 80 सामन्यांत त्यांनी 47.93 च्या सरासरीने 4841 धावा केल्या. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. 11 डिसेंबर 2012 रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्यांचे निधन झाले. महाराष्ट्र संघ नंतर 1970-71, 1992-93 आणि 2013-14 मध्ये अंतिम फेरीत पोहोचला आणि तिन्ही वेळा उपविजेता राहिला. या संघाचे काही रणजी सामने नाशिकच्या अनंत कान्हेरे मैदानावरही होतात. नांदगावकरांनी रेल्वेने जाऊन त्यातला एखादा सामना अवश्य पाहावा.