एकावर एक फुकट, आणि त्यावर एक चौकस नजर

महिन्याचा पहिला शनिवार-रविवार म्हणजे आपल्या शहरांतल्या गृहसंकुलांमध्ये एक छोटा सणच असतो. सुपरमार्केटची कूपने पाकिटातून बाहेर पडतात, सवलतीच्या जाहिराती एका मोबाइलवरून दुसऱ्यावर जातात आणि संध्याकाळी बाकावर हिशेबाची मैफल जमते. "तीन साबणांवर चौथा फुकट होता हो वहिनी, आता आमच्या ह्यांना दिवसातून दोनदा आंघोळ घालते!" असे एकीने म्हणावे, आणि दुसरीने लगेच उत्तर द्यावे, "घाला घाला, पण पाण्यावर सवलत नाही हं!" पन्नास रुपये वाचविण्यासाठी साठ रुपयांची रिक्षा करणाऱ्या काकांची थट्टा तर दर महिन्याला नव्याने होते, आणि सर्वांत मोठ्याने हसतात ते काकाच.

वैद्यकीय व्यवसायात तीन दशके घालविल्यानंतर या मैफलीकडे मी मोठ्या आदराने पाहतो. जगातील दर सहा व्यक्तींपैकी एकीला एकाकीपणा ग्रासतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये सांगितले. पती निवर्तल्यावर घरात एकट्या राहिलेल्या आजींना 'उद्या तूरडाळ स्वस्त आहे, येताय ना?' अशी हाक येते, तेव्हा त्या चालतात, बोलतात, आकडेमोड करतात आणि हसतात. अशी हाक देणारा शेजार कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही. शिवाय काटकसर हा आपल्या घरांचा जुना संस्कार आहे; तिची हेटाळणी करण्याचा अधिकार डॉक्टरला नाही.

प्रश्न आहे तो पिशवीत काय येते याचा. माझ्याकडे नियमित येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांची रक्तशर्करा अनेक वर्षे आटोक्यात होती. गेल्या वर्षी तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीए१सी तपासणी ७.१ वरून ८.४ वर गेली. गोळ्या वेळेवर, चालणे नियमित. मग बिघडले कुठे? त्यांच्या पत्नीने संकोचत सांगितले, "डॉक्टर, बिस्किटांच्या दोन पुड्यांवर दोन फुकट होत्या. मुदत संपत आली होती, टाकवेना." सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर ती बिस्किटे मास्तरांनीच संपविली. वाचले असतील चाळीस-पन्नास रुपये. औषधाची एक गोळी मात्र वाढली. त्या माउलीचा हेतू चुकीचा नव्हता. अन्न वाया घालवू नये, हीच शिकवण तिने पाळली होती.

सवलतीचे गणित इथेच समजून घेतले पाहिजे. घरात जास्त आलेला साबण आपण जास्त वापरत नाही. तो कपाटात थांबतो. फरसाण, बिस्किटे, शीतपेये मात्र थांबत नाहीत. समोर असली की ती खाल्ली-प्यायली जातात, आणि महिन्याची वस्तू दहा दिवसांत संपते. इंग्लंडमध्ये मेद, मीठ व साखर अधिक असलेल्या अनेक पदार्थांवरील 'एकावर एक फुकट' योजनांवर मोठ्या व मध्यम विक्रेत्यांसाठी १ ऑक्टोबर २०२५ पासून निर्बंध आले, ते याच कारणाने.

आपल्याला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. चार प्रौढांच्या घराचा साधा हिशेब कागदावर मांडावा. बैठे काम करणाऱ्या व्यक्तीस दिवसाला २० ते ३० ग्रॅम तेल-तूप पुरते. म्हणजे चौघांना महिन्याला सुमारे अडीच ते साडेतीन किलो. मीठ माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे महिन्याला ६०० ग्रॅम. त्यातच लोणचे, पापड आणि वेफर्समधलेही मीठ आले. वरून घातलेली साखर माणशी २५ ग्रॅमच्या आत ठेवणे उत्तम, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त ३ किलो. त्यात बिस्किटे, जॅम आणि शीतपेयांतली साखरही मोजावी. कोलासारख्या पेयाच्या दोन लिटरच्या एका बाटलीतच साधारण २०० ग्रॅम साखर असते. हा कागद कूपनांच्या पाकिटातच ठेवावा. त्यापलीकडचा डबा कितीही स्वस्त असला, तरी तो आपल्याला महागच पडतो.

दुकानात उभे असताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. वेष्टनावर घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या तीनांत साखर, मैदा किंवा पामतेल दिसले, तर हात आखडता घ्यावा. दुसरे, मुदतीची तारीख पाहून ती वस्तू तोवर आपल्या नेहमीच्या प्रमाणात संपेल का, हे स्वतःला विचारावे. शेंगदाण्यांचा मोठा साठा तर पावसाळ्यात करूच नये. दमट हवेत त्यांवर बुरशी येते आणि काही बुरशींचे विष यकृताला घातक असते.

मग सवलत घ्यावी कशावर? मूग, मटकी, हरभरा, तूरडाळ, ज्वारी, नाचणी यांवर जरूर घ्यावी; कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यांत ही टिकतात. साबण, दंतमंजन, कपडे धुण्याची पावडर यांवर तर निःसंकोच घ्यावी. फुकट आलेला गोड पुडा एकट्याने संपविण्याऐवजी चार घरांत वाटावा. तो त्याच दिवशी संपतो आणि कोणाच्याही वाट्याला दोन बिस्किटांहून अधिक येत नाही.

बाकावरच्या मैफलीत यापुढे 'किती वाचले?' याबरोबर 'काय आणले?' हाही प्रश्न विचारला जावा. थट्टा तशीच चालू द्यावी. थट्टेत सांगितलेले पथ्य दवाखान्यात सांगितलेल्या पथ्याहून अधिक दिवस पाळले जाते, असा माझा अनुभव आहे.